कर्ता बदलला, घर राहिले

रविवारी संध्याकाळी आमच्या घरी दूरचित्रवाणीपुढे जो मेळा जमतो, त्यात आमचे स्थान कोपऱ्यातील आरामखुर्चीपुरतेच असते. तरुण मंडळी मोटारींच्या शर्यती पाहत असतात आणि आम्ही वर्तमानपत्राच्या आडून त्यांचा उत्साह पाहत असतो. अशाच एका संध्याकाळी पडद्यावरून एक हिरवी मोटार सूं करून निघून गेली आणि आमचा नातू म्हणाला, "आजोबा, ही गाडी एके काळी आपली होती. तुम्हांला ठाऊक आहे का?"

आम्ही म्हणालो, "आपली म्हणजे कोणाची रे? आपल्या घरात सायकलीवाचून दुसरे वाहन कधी आले नाही."

"आपली म्हणजे भारताची, आजोबा. तेव्हा तिचे नाव फोर्स इंडिया होते. तिचा मालक तो किंगफिशरवाला. त्याची कचेरी इथे पार्ल्यालाच होती की!"

हे ऐकून मात्र आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले. विलेपार्ल्याच्या पूर्वेस, विमानतळानजीक, हमरस्त्याच्या कडेला किंगफिशर हाउस नावाची इमारत होती, ती अंधेरी-पार्ल्याच्या रहिवाशांस चांगली परिचित आहे. कर्जापोटी बँकांनी ती ताब्यात घेतली व २०१६ च्या मार्च महिन्यात १५० कोटी रुपये किमान किंमत ठेवून लिलावास काढली. तेव्हा बोली बोलावयास एकही मनुष्य पुढे आला नाही. पुढे लिलावामागून लिलाव फसत गेले, किंमत उतरत गेली आणि २०२१ साली ती सुमारे ५२ कोटींस विकली गेली. एका कर्त्याच्या वैभवाचा हा शेवट आम्ही जवळून पाहिला होता. परंतु त्याच कर्त्याचे दुसरे एक घर परदेशात होते, ते बुडता बुडता वाचले, आणि त्याच घरची ती हिरवी मोटार, ही गोष्ट आम्हांस नवी होती. एक घर बुडाले व दुसरे तरले, याचे कारण काय असावे? या प्रश्नाने आम्हांस पुरते घेरले. नातवाकडून आणि छापील मजकुरातून जी हकीकत हाती आली, ती वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय मोटारींचा दिसला तरी मूळ प्रश्न घर चालविण्याचा आहे, आणि तो आपणा सर्वांचा आहे.

ज्या वाचकांस या शर्यतींचा गंध नाही, त्यांच्यासाठी प्रथम थोडा खुलासा. फॉर्म्युला वन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शर्यती वर्षभर निरनिराळ्या देशांत होतात. अलीकडे त्यांची संख्या वर्षास वीस ते चोवीस इतकी असते. प्रत्येक संघाच्या दोन मोटारी धावतात. पहिल्या काही क्रमांकांस गुण मिळतात, दोन्ही मोटारींच्या गुणांची बेरीज होते, आणि वर्षअखेर त्या बेरजेवरून संघांचा अनुक्रम ठरतो. बक्षिसाच्या द्रव्यातील वाटाही त्याच अनुक्रमावर अवलंबून असतो. शिवाय प्रत्येक संघाने आपल्या मोटारीची रचना स्वतः करावी असा दंडक आहे. इंजिन विकत आणता येते, पण सांगाडा आपल्याच यंत्रज्ञांनी आखावा लागतो. म्हणून जगास दिसतात ते दोन चालक, परंतु त्यांच्या पाठीशी कारखान्यात शेकडो माणसे रात्रंदिवस खपत असतात. मोठ्या संघांच्या पदरी हजाराच्या आसपास माणसे असतात. आपल्या गोष्टीतील संघाजवळ ती सुमारे चारशेच होती.

या घराची जन्मकथाही जाणून घेण्याजोगी आहे. इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे शर्यतीच्या मार्गासमोरच एडी जॉर्डन नावाच्या हरहुन्नरी आयरिश गृहस्थाचा कारखाना होता. १९९१ साली त्याचा संघ या शर्यतींत उतरला. पहिली मोटार आखणारे यंत्रज्ञ अवघे तिघे होते, आणि त्यांत अँड्र्यू ग्रीन नावाचा एक तरुण होता. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा यावयाचे आहे. पुढे जगज्जेता झालेला मायकेल शूमाकर आपली पहिली शर्यत याच घरच्या मोटारीतून धावला, तीही १९९१ सालीच, बेल्जियममधील स्पा या गावी. या घराचा पहिला विजय १९९८ साली मिळाला, तोही स्पा येथेच. स्पा हे जणू या घराचे कुलक्षेत्रच! त्याखेरीज आणखी तीन विजय झाले, त्यांतला शेवटचा २००३ साली जियानकार्लो फिसिकेला या इटालियन चालकाने मिळवून दिला. त्यानंतर मात्र पैशाची चणचण सुरू झाली आणि २००५ च्या आरंभी जॉर्डनने घर विकले.

त्या २००५ सालीच आपला नारायण कार्तिकेयन या संघाच्या मोटारीत बसला. फॉर्म्युला वनमध्ये धावलेला तो पहिला भारतीय. म्हणजे मालक भारतीय होण्यापूर्वीच या घराशी आपला संबंध जुळला होता. परंतु तेव्हा घराची दशा बरी नव्हती. २००५ साली दारावर जॉर्डनची पाटी होती, २००६ साली मिडलँडची आली, २००७ साली स्पायकर या डच कंपनीची, आणि २००८ साली फोर्स इंडियाची. चार हंगामांत चार पाट्या झाल्या. दर वर्षी नवा धनी येई, नवी वचने देई, आणि कारखान्यातील माणसे आदल्या वर्षीचेच अपुरे काम नव्या नावाखाली पुढे चालवीत.

विजय मल्ल्या यांनी मिखिल मोल या डच भागीदारासह हा संघ २००७ साली ८ कोटी ८० लक्ष युरो देऊन घेतला. २००८ सालच्या पहिल्या हंगामात फोर्स इंडियाच्या पदरी गुण पडले शून्य. मोनॅको येथे पावसात एड्रियन सुटिल हा चालक चौथ्या स्थानावर धावत होता, शर्यत संपत आली होती, आणि तोच मागून येणाऱ्या दुसऱ्या संघाच्या मोटारीने त्यास धडक दिली. हातातोंडाशी आलेला घास गेला. वर्षअखेर मल्ल्यांनी जे केले, ते हालअपेष्टेत सापडलेले बहुतेक मालक करतात: संघप्रमुख कॉलिन कोलेस आणि मुख्य यंत्रज्ञ माइक गॅसकॉइन या दोघांसही त्यांनी निरोप दिला व संघप्रमुखाचे पद स्वतःकडे घेतले.

येथवरची गोष्ट वाचून कोणी म्हणेल, की यात विशेष ते काय? हातचे यश गेले की कारभाऱ्यास काढावे, ही तर जगाची रीतच आहे. परंतु त्याच नोव्हेंबर महिन्यात आणखी एक गोष्ट घडली, ती अधिक महत्त्वाची होती. मल्ल्यांनी मर्सिडीज कंपनीकडून इंजिने व मॅक्लारेन संघाकडून गिअरबॉक्स घेण्याचा पाच वर्षांचा करार केला. जे आपणांस उत्तम बनविता येत नाही ते उत्तम बनविणाऱ्याकडून घ्यावे, आणि आपल्या चारशे माणसांची बुद्धी मोटारीच्या उरलेल्या रचनेवर एकवटावी, असा त्याचा अर्थ. फळ लवकरच दिसले. २००९ च्या ऑगस्टात त्याच स्पा गावी फिसिकेलाने सर्वांहून वेगवान फेरी मारून पहिल्या जागेवरून शर्यत सुरू केली आणि अवघ्या सेकंदाच्या फरकाने दुसरा क्रमांक मिळविला. २००३ साली या घरास शेवटचा विजय मिळवून देणारा तोच हा फिसिकेला. दारावरची पाटी बदलली होती, धनी बदलले होते, पण घर तेच होते आणि चालकही तोच होता.

यानंतरही माणसे येत-जात राहिली. २०१० साली जेम्स की हा मुख्य यंत्रज्ञ दुसऱ्या संघात गेला, आणि त्याच्या जागी आलेला मार्क स्मिथही फार दिवस टिकला नाही. त्यानंतर ती जबाबदारी ज्याच्याकडे आली, तो होता अँड्र्यू ग्रीन. वीस वर्षांपूर्वी ज्याने या घराची पहिली मोटार आखण्यास हात लावला होता, तोच जगभर अनुभव घेऊन स्वगृही परत आला. दैनंदिन कारभार बॉब फर्नली आणि ऑटमार साफनाउर या दोघांकडे होता. हे त्रिकूट २०१८ पर्यंत टिकले. वरचे धनी मात्र या काळात अधिकाधिक अडचणीत येत होते. २०११ च्या ऑक्टोबरात सहारा समूहाने १० कोटी डॉलर्स देऊन संघाचा साडेबेचाळीस टक्के हिस्सा घेतला. त्याच महिन्यात दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली व तीत या संघाच्या सुटिलने नववा क्रमांक मिळविला. परंतु २०१४ च्या मार्च महिन्यात सहाराचे सुब्रत रॉय यांची तुरुंगात रवानगी झाली, आणि मार्च २०१६ मध्ये मल्ल्या भारत सोडून इंग्लंडला निघून गेले. पुढच्याच महिन्यात त्यांचे पारपत्र रद्द झाले, त्यामुळे इंग्लंडाबाहेरील शर्यतींस जाणे त्यांस अशक्य होऊन बसले. संघप्रमुख नावापुरता राहिला. तो शर्यत घरी बसून पाही.

आता या काळातील संघाचा अनुक्रम पाहा. २००८ साली दहावा, २००९ साली नववा, २०१० साली सातवा, २०११ साली सहावा, २०१२ साली सातवा, २०१३ व २०१४ या दोन्ही वर्षी सहावा, २०१५ साली पाचवा, आणि २०१६ व २०१७ या दोन्ही वर्षी चौथा. म्हणजे एक भागीदार तुरुंगात किंवा त्याच्या छायेत आणि दुसरा परागंदा, अशा स्थितीत या संघाने फोर्स इंडिया या नावाखालील आपली सर्वोत्तम दोन वर्षे घालविली. पुढे जे तीन संघ होते, त्यांची श्रीमंती या घराच्या कितीतरी पट होती.

आमचा जन्म मुलांना व्याकरण शिकविण्यात गेला, म्हणून येथे व्याकरणाचे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या तंत्राने चालते. 'राम आंबा खातो', 'सीता आंबा खाते': कर्ता बदलला की क्रियापद बदलते. कर्मणी प्रयोगात तसे नसते. 'रामाने आंबा खाल्ला', 'सीतेने आंबा खाल्ला': येथे कर्ता तृतीयेत जाऊन बसतो, आणि कर्ता कोणीही असो, क्रियापद कर्माच्या मागोमाग जाते. २००८ पूर्वीचा हा संघ कर्तरी प्रयोगात चालला होता. धनी बदलला की सारे बदलत होते. २०११ नंतरचा संघ कर्मणी प्रयोगात आला. कर्ता तृतीयेत गेला आणि कारखान्याचे क्रियापद कामाच्या मागे चालू लागले.

याचे श्रेय काही अंशी मल्ल्यांसही दिले पाहिजे, कारण न्याय तो न्यायच. मर्जी फिरली म्हणून माणसे काढण्याचा मोह त्यांनी २००८ नंतर बव्हंशी आवरला, आणि ज्यांस काम कळते त्यांच्या हातून ते काढून घेतले नाही. त्या माणसांनीही मोकळिकीचा दुरुपयोग केला नाही. २०१५ साली पैशाअभावी नवी मोटार वेळेवर तयार होईना. तेव्हा हिवाळ्यातल्या पहिल्या चाचण्या सोडाव्या लागल्या, नंतर जुनीच मोटार नेऊन चालकांचा सराव करून घ्यावा लागला. पण त्याच वर्षी जुलैत सुधारलेली मोटार मैदानात आली आणि वर्षअखेर संघ पाचवा आला. २०१७ साली घरात भाऊबंदकी माजली. सर्हियो पेरेझ आणि एस्तेबान ओकाँ हे दोन्ही चालक एकमेकांच्याच मोटारींवर आदळू लागले, आणि स्पाच्या शर्यतीत तर ते एकदा नव्हे, दोनदा आदळले. तेव्हा कारभाऱ्यांनी दोघांसही बंधने घातली: पुढे कोणी जावे हे यापुढे संघ ठरवील. कोणासही घराबाहेर काढले नाही, पण घराचे गुण वाया जाणे बंद केले. वडीलधारेपण ते हेच.

परंतु कर्मणी प्रयोगातही कर्ता पुरता नाहीसा होत नाही, हे विसरून चालणार नाही. काम माणसांच्या हाती देता येते, पण तिजोरी धन्याच्याच हाती राहते. आणि येथेच आमच्या अंधेरी-पार्ल्याची गोष्ट या गोष्टीस येऊन मिळते.

मल्ल्यांची किंगफिशर एअरलाइन्स ही विमान कंपनी २००५ च्या मे महिन्यात सुरू झाली. तिचा मुख्य कारभार अंधेरी पूर्वेच्या एका कचेरीतून चाले. तांबडे लुगडे शोभावे तसा तिचा तांबडा थाट आरंभी डोळ्यांत भरे. २०१२ साली नोकरांचे महिनोन् महिने पगार थकले, त्यांनी काम बंद केले, आणि ऑक्टोबरात विमाने जमिनीवर बसली, ती पुन्हा उडालीच नाहीत. या कंपनीस दिलेल्या कर्जाची व्याजासह थकबाकी सुमारे ९००० कोटी रुपये असल्याचे बँकांचे म्हणणे होते. ज्यांनी विमाने उडविली, दुरुस्त केली, तिकिटे फाडली, त्यांची थकबाकी या मोठ्या आकड्याच्या शेपटास कोठेतरी लटकत राहिली. वैमानिक दुसरीकडे गेले. पण ज्या कारकुनाचे किंवा मिस्त्रीचे वय चाळिशीपुढे गेले होते, त्याने काय करावे? थकलेला पगार हा बँकेच्या हिशेबात एक आकडा असतो. घरी त्याचा अर्थ मुलाची फी, भाडे आणि वाण्याची उधारी असा होतो.

एकाच धन्याची ही दोन घरे. धाकट्यावरही थोरल्यासारखाच प्रसंग २०१८ साली आला. संघाजवळ पैसा उरला नाही. मे अखेरीस मल्ल्यांनी संचालकपद सोडून ते मुलाकडे दिले, परंतु तिजोरीच रिकामी असता किल्ली बापाकडे असली काय आणि मुलाकडे असली काय! धनको लंडनच्या न्यायालयात गेले. कंपनी मोडून तिचे सामान विकावे, अशी मागणी उभी राहण्याची चिन्हे होती. तसे झाले असते तर चारशे घरांच्या चुली विझल्या असत्या.

तेव्हा पेरेझ या चालकाने एक पाऊल उचलले. त्याचेही पैसे संघाकडे अडकले होते. संघातील माणसांनीच त्यास गळ घातली, असे त्याने पुढे सांगितले. आपल्या थकबाकीच्या जोरावर त्याने न्यायालयात अर्ज केला, आणि त्याचा हेतू कंपनी मोडणे हा नव्हता, तर न्यायालयाने प्रशासक नेमावा हा होता. इंग्लंडच्या कायद्यात अशी सोय आहे, की न्यायालयाने नेमलेला प्रशासक कंपनी ताब्यात घेतो आणि धनकोंस त्या काळात दूर थोपविले जाते. शक्य असेल तर चालता धंदा चालता ठेवूनच वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य. इंजिने पुरविणारी मर्सिडीज आणि संघास आश्रय देणारी बीडब्ल्यूटी ही जलशुद्धीकरणाची ऑस्ट्रियन कंपनी या दोघांनी पेरेझला पाठिंबा दिला. २७ जुलै २०१८ रोजी प्रशासक नेमले गेले. त्या वेळी संघ हंगेरीत शर्यतीस गेला होता. घरावर जप्ती येते की काय अशी स्थिती असता माणसे तेथे चाके बदलीत होती.

पुढे येथील बँकांचा धागा पुन्हा आडवा आला. मल्ल्यांच्या मालमत्तेवर १३ भारतीय बँकांनी इंग्लंडच्या न्यायालयातून बंदी मिळविली होती. या बँकांची अग्रणी आपली स्टेट बँक. त्यामुळे संघाचे भाग नव्या धन्याच्या नावे वेळेत होईनात. अखेर प्रशासकांनी वेगळी वाट काढली: कंपनी न विकता तिचा धंदा व सामान विकले. लॉरेन्स स्ट्रोल या कॅनडाच्या धनिकाच्या मंडळींनी ते घेतले. ४०५ माणसांच्या नोकऱ्या राहिल्या, आणि धनकोंची देणी पूर्ण फेडली जातील असे प्रशासकांनी जाहीर केले. किंमत एकच द्यावी लागली. नवी कंपनी म्हणून संघाचे त्या वर्षीचे ५९ गुण पुसले गेले. शून्यापासून पुन्हा आरंभ! आणि तो आरंभ कोठे व्हावा? तर ऑगस्टअखेर स्पा येथे. ओकाँ तिसऱ्या जागेवरून व पेरेझ चौथ्या जागेवरून निघाले, आणि पेरेझ पाचवा व ओकाँ सहावा आला. पाटी नवी, गुण शून्य, मोटारी त्याच, हात तेच. उरलेल्या शर्यतींत त्यांनी ५२ गुण मिळवून सातवा क्रमांक गाठला.

मग थोरले घर का बुडाले आणि धाकटे का तरले? कायदा हे एक कारण आहे, यात शंका नाही. २०१२ साली भारतात असा सुटसुटीत कायदा नव्हता. दिवाळखोरीची नवी संहिता २०१६ साली आली. परंतु केवळ कायद्याने भागत नाही. जेट एअरवेज ही दुसरी विमान कंपनी, तिचीही कचेरी अंधेरीसच होती. तिची विमाने २०१९ च्या एप्रिलात थांबली, तेव्हा नवी संहिता अमलात होती. प्रकरण पाच वर्षे चालले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयास ती कंपनी मोडण्याचाच हुकूम द्यावा लागला. सिल्व्हरस्टोनचे सारे प्रकरण एका महिन्यात आटोपले. आमच्या अल्पमतीस भेद दिसतो तो हा: तेथे घर वाचविण्याचा प्रयत्न माणसे घरात असतानाच झाला. काम करणारे हात पांगले नव्हते, मोटारी धावत होत्या, म्हणून विकत घेणाऱ्यास काहीतरी जिवंत घेता आले. विमाने जमिनीवर बसून वर्ष-दोन वर्षे लोटली, माणसे पोटासाठी चोहीकडे गेली, की मागे उरते ती नुसती पाटी, आणि पाटीस कोण किती देणार? आमच्या पार्ल्याच्या इमारतीचा भाव १५० कोटींवरून ५२ कोटींवर आला, तोही एक प्रकारे याचाच दाखला होय.

गोष्ट येथे संपली असती तर ती पुराणातल्या गोष्टीसारखी गोड झाली असती. पण संसार तसा नसतो. मल्ल्यांविषयी लंडनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये भारताच्या स्वाधीन करण्यास अनुकूल निकाल दिला आणि जानेवारी २०१९ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांस फरारी आर्थिक गुन्हेगार ठरविले. संघाचे नाव पुढे रेसिंग पॉइंट झाले. २०२० च्या सप्टेंबरात, ज्याने घर वाचविले त्या पेरेझलाच सांगण्यात आले, की पुढील वर्षी तुझी जागा दुसऱ्यास देत आहोत. वास्तविक त्याचा करार पुढेही चालू होता. त्याने त्रागा केला नाही. त्या डिसेंबरात बहरीन येथे पहिल्याच फेरीत धक्का लागून तो सर्वांच्या मागे पडला, आणि तेथून एकेकास मागे टाकीत त्याने शर्यत जिंकली. या घरास २००३ नंतर मिळालेला तो पहिला विजय. निरोप मिळालेल्या माणसाने तो दिला.

२०२१ पासून दारावर अॅस्टन मार्टिनची पाटी आहे. नातवाने दाखविलेली ती हिरवी मोटार हीच. आता पैशास तोटा नाही. जुन्या जागी मोठा नवा कारखाना उभा राहिला आहे. परंतु कर्ते मात्र भराभर बदलू लागले. साफनाउर २०२२ च्या जानेवारीत गेले. मग माइक क्रॅक आले, २०२५ च्या आरंभी अँडी कॉवेल आले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जाहीर झाले, की २०२६ पासून एड्रियन न्यूई हे विख्यात यंत्रज्ञ संघप्रमुख होतील. २०२३ साली पाचवा क्रमांक आला, २०२५ साली सातवा. २०२५ अखेरपर्यंत या पाटीखाली एकही शर्यत जिंकली गेली नव्हती. गरिबीत स्थिर हातांनी दोनदा चौथा क्रमांक गाठला आणि या पाटीखालच्या श्रीमंतीत २०२५ अखेरपर्यंत तो लाभला नाही, यावरून पैसा निरुपयोगी असे आम्ही म्हणत नाही. पैशावाचून २०१८ साली काय झाले ते आपण पाहिलेच. पण हाताची घडी बसावयास वेळ लागतो, आणि तो वेळ विकत मिळत नाही.

एकत्र कुटुंबाच्या कारभाऱ्यास आपल्या धर्मशास्त्रावर आधारलेल्या कायद्यातही 'कर्ता' हाच शब्द आहे. कर्त्याचे अधिकार मोठे असतात, आणि म्हणूनच त्याच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा ठेवावी, असे या हकीकतीवरून आमच्या मनाने घेतले आहे. ज्यास जे काम येते ते त्याच्या हाती द्यावे व देऊन पुन्हा पुन्हा काढून घेऊ नये. आपल्या एका उद्योगाचे ओझे दुसऱ्या घरावर पडू देऊ नये. आणि तिजोरीची किल्ली तीत काही शिल्लक असतानाच पुढच्या हाती द्यावी. पहिली गोष्ट मल्ल्यांनी केली, म्हणून संघ चौथा आला. उरलेल्या दोन केल्या नाहीत, म्हणून घर वाचविण्याचे काम एका चालकास करावे लागले.

दुसऱ्यास उपदेश करणे सोपे असते. हा मजकूर लिहिता लिहिता आमचे लक्ष आमच्याच टेबलावरील जमाखर्चाच्या वहीकडे गेले. गेली बावीस वर्षे घराचा हिशेब आम्हीच लिहितो, आणि तो कोणास दाखवावा असे आम्हांस कधी वाटले नाही. आमच्या सूनबाई हिशेब तपासण्याचेच काम करतात, दुसऱ्यांचे. गेल्या रविवारी शर्यत संपल्यावर ती वही व कपाटाची किल्ली आम्ही त्यांच्या हाती दिली. त्या म्हणाल्या, "मामंजी, घाई काय आहे?" आम्ही म्हणालो, "घाई नाही, म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर सूनबाईंनी वही उघडून आमच्यापुढे धरली. गेल्या वर्षी विजेचे एक बिल आम्ही दोनदा भरले होते. नातू मोठ्याने हसला, आणि आम्हीही हसलो.